जुलाब लागले तर पहिल्या तासापासून काय करायचं?

पावसाळा सुरू झाला की घरातल्या एखाद्याचं तरी पोट बिघडतंच. बहुतेक वेळा चार-पाच दिवसांत ते आपोआप बरंही होतं. तरीही जुलाबाने लहान मुलं दगावतात. बहुतेकदा त्यांचा जीव जातो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्याने, आणि हे नुकसान घरच्या घरी भरून काढता येतं. पहिला पातळ जुलाब झाला की पहिलं औषध ओआरएस, म्हणजे मीठ, ग्लुकोज आणि इतर क्षारांची पुडी पाण्यात कालवून केलेलं द्रावण. डॉक्टरकडे पोचेपर्यंत वेळ मारून नेण्याचा तो उपाय नव्हे, तोच मुख्य उपचार आहे. हे पटलं की पुढची निम्मी धावपळ वाचते.

"पाणी पाजलं की आणखी जुलाब होतात" असं आजही घरातली मोठी माणसं सांगतात. नुसतं साधं पाणी दिलं तर ते आजारी आतड्यातून पुरेसं शोषलं जात नाही, हे त्यातलं तथ्य. पण मीठ आणि ग्लुकोज ठरावीक प्रमाणात एकत्र असले की आतड्याच्या पेशी दोन्ही एकदमच आत घेतात आणि त्यांच्या पाठोपाठ पाणीही आत जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट बहुधा उघडी राहते.

याचा मोठा पडताळा १९७१ साली आला. बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथे निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याने थैमान घातलं होतं आणि सलाईनचा साठा संपत आला होता. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या करवून घेतल्या. त्यांचं पाणी पिंपांत कालवलं आणि ते रुग्णांना पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. पाजणारे हात आया-बहिणींचे होते, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. महालनबीस यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

पुडी कालवताना

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेली मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. तिच्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतं. दुकानात २०० मिली पाण्यासाठीच्या लहान पुड्याही मिळतात. कोणती पुडी हातात आहे ते आधी वाचा. नेमकी चूक इथेच होते: लिटरची पुडी पेलाभर पाण्यात ओततात, किंवा निम्मी पुडी अंदाजाने काढून उरलेली दुमडून ठेवतात. पाणी कमी पडलं तर द्रावण खारट, दाट होतं आणि जुलाब वाढू शकतात. मीठ फार झालं तर लहान मुलाच्या मेंदूवरही परिणाम होऊ शकतो. पाणी जास्त झालं तर क्षार पुरेसे मिळत नाहीत.

आधी साबणाने हात धुवा. उकळून गार केलेलं पाणी लिटरच्या रिकाम्या बाटलीने मोजून स्वच्छ पातेल्यात घ्या. अख्खी पुडी त्यात ओता आणि तळाशी एकही खडा राहणार नाही अशी ढवळा. दूध, सरबत, जादा साखर यांतलं काही घालू नका. द्रावण झाकून ठेवा. कालवल्यावर ते पुन्हा उकळायचं नाही आणि २४ तासांनी उरलेलं टाकून द्यायचं.

रात्री दोन वाजता पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घाला. सपाट म्हणजे चमच्यावर बोट फिरवून वरचा ढीग काढलेला. पाजण्यापूर्वी स्वतः चाखून पाहा. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि नव्याने करा. यात पोटॅशियम नसतं, म्हणून सकाळी पुडी आणाच. मीठ घातलेली भाताची पेज, पातळ ताक, वरणाचं पाणी हेही चालतं. शीतपेयं, डब्यातले फळांचे रस आणि गोड चहा मात्र नको. त्यांतली जादा साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात.

औषधाच्या दुकानात रंगीत खोक्यांतली, फळांच्या चवीची पेयं वर्षानुवर्षं ओआरएसच्या नावाखाली विकली गेली. त्यांतल्या अनेकांमध्ये साखर कितीतरी जास्त आणि क्षार अपुरे होते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षं झगडा दिला. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने अशा पेयांवर ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. त्यामुळे पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं आहे का, हे बघूनच पैसे द्या. सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे ती फुकट मिळते.

किती आणि कसं पाजायचं

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, म्हणजे साधारण अर्धा ते एक छोटा चहाचा कप. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली. त्याहून मोठ्यांनी हवं तेवढं प्यावं.

आकड्यांपेक्षा अवघड असतं ते पाजणं. तहानलेलं मूल पेला तोंडाला लावून गटागटा पितं आणि पाचव्या मिनिटाला सगळं ओकून टाकतं. मग "पोटात काही टिकत नाही, सलाईनच लावा" असं होतं. तसं झालं तर दहा मिनिटं थांबा. मग चमचा घ्या, मुलाला मांडीवर थोडं उठतं बसवा आणि दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा द्या. औषधाच्या बाटलीबरोबर येणारा ५ मिलीचा चमचा असेल तर उत्तम. तासाभरात १०० मिलीच्या आसपास पोटात जातं आणि बहुतेक वेळा टिकतं. हे काम कंटाळवाणं आहे, हात अवघडतो. घरात दोघं-तिघं असतील तर पाळ्या लावा. बापानेही चमचा हातात घ्यावा, आजोबांनीही. रात्री मूल झोपलं तरी मधूनमधून उठवून थोडं थोडं पाजा.

अंगावरचं दूध एकदाही थांबवू नका, उलट नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजा.

दर दोन-तीन तासांनी मुलाकडे नीट बघा

अंगातलं पाणी किती कमी झालंय हे घरीही कळतं. डोळे खोल गेलेत का? रडताना डोळ्यांत पाणी येतंय का, तोंड कोरडं पडलंय का? शेवटची लघवी कधी झाली? टाळू भरली नसेल अशा बाळाची टाळू खचल्यासारखी दिसते का? मग बेंबी आणि कुशीच्या मधोमध पोटाची कातडी चिमटीत उभी धरून सोडा. निरोगी मुलात ती लगेच जागेवर जाते. हळूहळू गेली तर पाणी कमी झालंय. दोन सेकंदांनंतरही घडी तशीच दिसत असेल तर एक मिनिटही घरी काढू नका. फार रोडावलेल्या किंवा गुटगुटीत मुलात ही चिमटी फसवते, तेव्हा डोळे, तोंड आणि वागणूक यांवर जास्त भर द्या.

मूल चिडचिडं, अस्वस्थ आहे आणि पेला दिसताच झडप घालतंय, म्हणजे पाणी कमी झालंय पण अजून हातात वेळ आहे. त्याला आरोग्य केंद्रात न्या. तिथे किलोमागे ७५ मिली या हिशेबाने चार तासांत ओआरएस पाजतात, म्हणजे १० किलोच्या मुलाला ७५० मिली, आणि पुन्हा तपासतात. पण मूल निपचित पडलंय, हाक मारली तरी डोळे उघडत नाही, प्यायला देऊनही पीत नाही, अशा वेळी सलाईन लागतंच. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत ते गिळू शकत असेल तर चमच्याने पाजत राहा.

आणखी काही वेळा थांबायचं नाही: बाळ दोन महिन्यांच्या आतलं आहे, मूल आधीच कुपोषित आहे, शौचात रक्त पडतंय, हिरवी उलटी होतेय, पोट फुगून टणक झालंय, झटका आला, जोराचा ताप आहे, किंवा उलट्या काही केल्या थांबत नाहीत. तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके जुलाब भडाभडा होत असतील तर कॉलऱ्याची शंका घ्यावी. त्यात धडधाकट माणूसही काही तासांत कोसळतो.

खाणं थांबवायचं नाही

"पोटाला आराम द्या" म्हणून मुलाला दिवसभर उपाशी ठेवतात, याने माझा जीव तुटतो. मोठा माणूस एखादं लंघन सोसेल. दोन वर्षांच्या मुलाला ते परवडत नाही; उपासाने आतडं सावरायला उशीर लागतो आणि वजन उतरतं. मऊ भात, मुगाची खिचडी, त्यावर चमचाभर तेल किंवा तूप, कुस्करलेलं केळं, दही-भात असं थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा द्या. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक खाणं जास्तीचं द्या.

दात येत असल्यामुळे जुलाब होतात हा समजही सोडायला हवा. त्या वयात मूल रांगतं आणि हाताला लागेल ते तोंडात घालतं, जुलाबाचे जंतू त्या वाटेने येतात.

औषधं: एक द्यायचं, बाकी बहुतेक नाही

द्यायचं ते झिंक. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, असं १४ दिवस. गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की गोळ्याही थांबतात, हे नेहमीचं. पूर्ण १४ दिवस दिल्या तर पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यताही कमी होते.

लहान मुलांतले बरेचसे जुलाब विषाणूंमुळे होतात आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. रक्त पडत असेल, कॉलरा असेल, तर ते लागतं, पण ते डॉक्टर ठरवतील. दुकानदाराकडून चार गोळ्यांची पट्टी तोडून आणणं बंद करा. जुलाब एकदम बंद करणारी लोपेरामाईडसारखी गोळी लहान मुलांना अजिबात द्यायची नाही. तिने आतड्याची हालचाल मंदावते आणि घाण आतच अडकते.

घरातल्या वयस्करांकडेही लक्ष असू द्या. त्यांना तहान कमी लागते, "मला काही झालं नाही" म्हणत ते पडून राहतात आणि उठताना चक्कर येऊन पडतात. मधुमेह असला तरी ओआरएस प्यावं, साखर मात्र तपासत राहावी. लघवी वाढवणाऱ्या, रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन घेऊ नये. पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात.

पाण्याकडे बघताना

तुरटी फिरवली की गढूळ पाणी नितळ होतं, पण जंतू मरतात ही समजूत चुकीची. नितळलेलं पाणी गाळून घ्या आणि खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळा. उकळणं जमत नसेल तर आशाताईंकडून मेडिक्लोरची (पाणी निर्जंतुक करणाऱ्या क्लोरीनच्या द्रावणाची) बाटली घ्या, लेबलावर लिहिलेले थेंब घाला आणि अर्धा तास थांबून मगच प्या. माठात हात बुडवू नका, दांड्याचं ओगराळं वापरा.

गावात राहात असाल तर नळाच्या पाण्याची ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का याची तपासणी, करताना जलसुरक्षकाबरोबर (गावच्या पाण्याची देखरेख करणाऱ्या माणसाबरोबर) एकदा उभे राहा. पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आला नाही तर टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची) पावडर पडलेली नाही किंवा जुनी होऊन निकामी झाली आहे. ही चाचणी टाकीजवळच्या नळावर होते आणि वस्तीच्या टोकाच्या नळावर राहून जाते, म्हणून शेवटच्या घरी करायला लावा. पाणी किती धोक्याचं किंवा सुरक्षित आहे त्याप्रमाणे ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाला कोणतं मिळालंय ते ग्रामसभेत विचारा. शहरात सोसायटीची जमिनीखालची टाकी आणि शेजारून जाणारी सांडपाण्याची वाहिनी यांच्याकडे कुणी बघत नाही. जुलाब एकाच इमारतीत तीन-चार घरी सुरू झाले तर पहिली शंका तिथे घ्या आणि महापालिकेच्या आरोग्य केंद्राला कळवा.

दूषित पाण्याचा फटका पोटापुरताच राहतो असं नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड या भागांत गिलियन-बारे सिंड्रोमचे, म्हणजे मज्जातंतूंवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडणाऱ्या आजाराचे, रुग्ण एकाएकी वाढले. रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला, जो दूषित पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या कोंबडीतून पोटात जातो. जुलाब बरे झाल्यावर एक ते तीन आठवड्यांत पायांत मुंग्या येऊ लागल्या, जिना चढताना पाय गळाले, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर "अशक्तपणा असेल" म्हणून थांबू नका. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

तान्ह्या बाळांतल्या तीव्र जुलाबांचं एक मोठं कारण रोटाव्हायरस. हात धुऊन आणि पाणी उकळूनही तो पुरता रोखता येत नाही, त्यासाठी लस आहे. महाराष्ट्रात २०१९ पासून ती सरकारी लसीकरणात मोफत, तोंडावाटे देतात: सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला. पहिला डोस बाळ वर्षाचं होण्याआधी द्यावा लागतो, त्यामुळे घरात तान्हं बाळ असेल तर त्याचं लसीकरण कार्ड आजच उघडून बघा.