फायरफॉक्स वापरून बघायचाय? मग आधी पासवर्ड नीट हलवा

‘फायरफॉक्स ब्राउझर वापरून बघितला, जमला नाही,’ असं सांगणाऱ्या बहुतेकांनी तो जेमतेम एक संध्याकाळ वापरलेला असतो. बँकेचं पान उघडलं, पासवर्ड आठवेना, चला परत क्रोमकडे. घरच्यांचे, शेजाऱ्यांचे, ऑफिसातले बरेच संगणक मी फायरफॉक्सवर आणले आहेत आणि गाडी दर वेळी इथेच अडते. ‘बुकमार्क घ्या, दोन एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम) टाका, झालं’ हा सल्ला म्हणूनच मला चीड आणतो.

१. फायरफॉक्स तो बनवणाऱ्या मोझिलाच्या साइटवरूनच उतरवा. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका.

२. सेटिंग्जमधल्या ‘इम्पोर्ट’मधून बुकमार्क आणि हिस्टरी आणा. दोन मिनिटांचं काम.

३. आता पासवर्ड. इथे घाई नको.

इम्पोर्ट करताना पासवर्डचाही पर्याय दिसतो, पण क्रोममधून येताना मी त्या भरवशावर राहत नाही. काही आले आणि काही राहिले, तर नेमके कोणते राहिले हे गरजेच्या वेळीच कळतं. त्यापेक्षा क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन सगळे पासवर्ड फाइलमध्ये उतरवून घ्या. एक सीएसव्ही फाइल, म्हणजे साध्या अक्षरांत लिहिलेली यादी, मिळेल. फायरफॉक्सच्या मेनूत ‘पासवर्ड्स’ उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर क्लिक करा आणि फाइलमधून इम्पोर्ट करायचा पर्याय निवडून तीच फाइल द्या. शेवटी किती नवे आले, किती चुकले याचा हिशोब दिसतो. तो वाचल्याशिवाय खिडकी बंद करू नका.

ही फाइल मध्येच एक्सेलमध्ये उघडून ‘जरा साफ करून घेऊ’ असं अजिबात करू नका. नुसत्या आकड्यांचा पासवर्ड शून्याने सुरू होत असेल, तर एक्सेल ती शून्यं खाऊन टाकतं. बरोबरच्या (=) चिन्हाने सुरू होणारा पासवर्ड त्याला सूत्र वाटतो. सेव्ह केलंत की पासवर्ड बिघडलाच, आणि दोष मात्र फायरफॉक्सला दिला जातो.

त्याहून मोठा धोका म्हणजे या फाइलला कुलूप नसतं. नोटपॅडमध्ये उघडा, सगळे पासवर्ड स्वच्छ वाचता येतात. माझी फाइल एकदा डाउनलोड्स फोल्डरमध्ये तशीच राहिली. ते फोल्डर क्लाउड बॅकअपला जोडलेलं होतं. तीन आठवड्यांनी फोनवर एक पावती शोधताना ती समोर आली आणि हातपाय गार पडले. त्या रात्री बसून बँक, ईमेल, आयकर असे एकेक पासवर्ड बदलले. म्हणून इम्पोर्ट झाल्याच्या पुढच्या मिनिटाला शिफ्ट दाबून ती फाइल डिलीट करा, आणि बॅकअप चालू असेल तर तिथल्या ट्रॅशमधूनही काढा. ती स्वतःलासुद्धा ईमेल किंवा व्हॉट्सॲप करू नका. संगणक घरात चौघं वापरत असतील, तर फायरफॉक्समध्ये प्रायमरी पासवर्ड, म्हणजे साठवलेल्या पासवर्डांवरचं कुलूप, लावाच. तो मात्र विसरायचा नाही. रीसेट केला तर साठवलेले सगळे पासवर्ड पुसले जातात.

४. यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाका. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्येही ते चालतं. सुरुवातीला दुसरं एक्स्टेन्शन नको.

५. फायरफॉक्स डिफॉल्ट करा आणि दोन आठवडे रोजची सगळी कामं त्यातच करा. क्रोम काढून टाकू नका, फक्त टास्कबारवरून हलवा.

एखादी साइट अडली, तर पत्त्याच्या पट्टीतल्या ढालीवर क्लिक करून तेवढ्या साइटपुरतं ट्रॅकिंग संरक्षण (माग काढणाऱ्यांना अडवणारी सोय) बंद करून बघा. यूब्लॉकही तेवढ्यापुरतं थांबवा. तरीही अडलं, तर ते एक काम क्रोममध्ये उरकून परत या. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह हे सगळे क्रोमियम या गूगलच्या खुल्या कोडवर बांधलेले आहेत, फायरफॉक्सचं गेको हे पानं दाखवणारं इंजिन वेगळं. काही साइट बनवणारे फक्त क्रोमियमवर तपासून मोकळे होतात. अशा साइटच्या तक्रार पेटीत मी दर वेळी दोन ओळी लिहितो, तुम्हीही लिहा. नेटस्केप या जुन्या ब्राउझर कंपनीने १९९८ मध्ये आपला कोड खुला केला, त्यातून मोझिला आणि २००४ मध्ये फायरफॉक्स १.० आला. आजही तो कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो. वेब एकाच इंजिनाच्या ताब्यात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठी फायरफॉक्स वापरणारी माणसं हवीत.

६. दोन आठवड्यांनी तो रुळला असेल, तर क्रोममधले जुने पासवर्ड काढा. दोन ठिकाणी ठेवले, की एकीकडचा बदलतो आणि दुसरीकडचा शिळा राहतो. काढताना पासकींना (पासवर्डऐवजी बोटाच्या ठशाने किंवा पिनने उघडणाऱ्या लॉगिन किल्ल्यांना) हात लावू नका. त्या सीएसव्हीमधून आलेल्या नसतात. आधी त्या त्या साइटवर नवी पासकी करा, तिने एकदा लॉगिन करून बघा, मगच जुनी काढा.