जुनी पिकअप तापतेय? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

जुन्या पिकअपचा काटा लालकडे सरकायला लागला की बहुतेक जण थेट पार्ट बदलायला घेतात. आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप), मग वॉटर पंप, शेवटी रेडिएटर. खर्च होतो आणि पुढच्या चढावर गाडी पुन्हा तापते. गाडी नेमकी कधी तापते हे न बघताच पाना हातात घेतला जातो, खरी चूक तिथे होते.

उभ्या गाडीत किंवा ट्रॅफिकमध्ये काटा चढतो आणि वेग धरला की खाली येतो, असं असेल तर रेडिएटरमधून पुरेशी हवा खेचली जात नाहीये. म्हणजे आधी फॅन, फॅन क्लच (गरजेनुसार फॅनला इंजिनाशी जोडणारा भाग), बेल्ट आणि फॅनभोवतीचं कडं बघायचं. उलट शहरात ठीक, पण हायवेवर किंवा माल भरून चढावर तापत असेल, तर पाणी पुरेसं फिरत नाहीये किंवा रेडिएटर आतून चोंदलाय. एवढ्या एका निरीक्षणाने निम्मी शोधाशोध वाचते.

फॅन क्लचकडे फारसं कोणी बघत नाही. इंजिन बंद करा, चावी काढा आणि फॅन हाताने फिरवून बघा. गाडी तापलेली असताना बंद केली असेल तर फॅन जड फिरायला हवा. एका झटक्यात गरगर फिरत राहिला, तर क्लच गेला असं समजा. मधोमध तेलकट धूळ चिकटलेली दिसली तर आतलं सिलिकॉन ऑइल बाहेर आलंय. चालू इंजिनवर ही तपासणी कधीच करू नका. आणि फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कडं, म्हणजे श्राउड, तुटलं म्हणून काढून फेकलं असेल तर ते परत बसवा. ते नसलं की फॅन आजूबाजूचीच हवा घुसळत बसतो आणि रेडिएटरच्या कोपऱ्यांतून हवा जातच नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकणं

हा उपाय सर्रास सुचवला जातो आणि मला तो अजिबात पटत नाही. थर्मोस्टॅट काढला की इंजिन सपाटीवर थंडच राहतं, डिझेल-पेट्रोल जास्त जातं, झीजही वाढते. शिवाय काही इंजिनांत हाच थर्मोस्टॅट उघडताना बायपास, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी इंजिनात परत नेणारा रस्ता, बंद करतो. तो काढला की बरंचसं गरम पाणी रेडिएटरकडे न जाता तसंच इंजिनात परत फिरतं आणि गाडी आणखी तापते. शंका असेल तर थर्मोस्टॅट दोऱ्याने पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका, आणि पाणी तापवा. त्यावर ८२ छापलं असेल तर ८२ अंशांच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. उकळत्या पाण्यातही मिटलेलाच राहिला तर बदला.

झाकणाला क्षुल्लक समजणं

रेडिएटरचं झाकण कुकरच्या शिट्टीसारखं दाब धरून ठेवतं. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. पण निम्मं कूलंट, निम्मं पाणी आणि ०.९ बारचं चांगलं झाकण असेल तर उकळण्याची पातळी साधारण १२५ अंशांपर्यंत जाते. झाकणाचं रबर कडक झालं, तडकलं की हा सगळा फायदा संपतो आणि पाणी टाकीत फेकलं जातं. नवं झाकण घेताना जुन्यावरचा दाबाचा आकडा जुळवून घ्या. जास्त आकड्याचं लावलं तर जुने पाइप फुटू शकतात.

गरम गाडीचं झाकण मात्र उघडायचं नाही. आतलं पाणी उकळण्याच्या पलीकडे तापलेलं असतं. दाब सुटला की ते वाफेसकट तोंडावर येतं. गाडी बाजूला घ्या, एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात ठेवा. काटा उतरत नसेल तर इंजिन बंद करून रेडिएटरचा वरचा पाइप हाताला गार लागेपर्यंत थांबा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो. आणखी एक धोका लक्षात ठेवा: पाणी फारच कमी झालं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येतो. पाणी फेकल्यानंतर काटा अचानक खाली आला तर गाडी पुढे दामटू नका.

विहिरीचं किंवा बोअरचं पाणी भरत राहिलात तर क्षार साचून रेडिएटरच्या नळ्या बुजतात. डिस्टिल्ड पाणी वापरा. रेडिएटरचा खालचा पाइपही बघून घ्या: रेस वाढवल्यावर तो चपटा होत असेल तर पाइप मऊ पडलाय किंवा आतली स्प्रिंग गंजून गेलीय. हायवेवर तापणाऱ्या गाडीत हे कारण हमखास नजरेतून सुटतं. पाणी बदलल्यावर आत हवा अडकली तरी काटा उगाच चढतो. म्हणून गाडीचं तोंड उंचावर ठेवून, हीटर चालू करून, बुडबुडे थांबेपर्यंत भरा.

गळती कुठेच दिसत नाही, तरी पाणी कमी होतंय? थंड इंजिन चालू करताच वरचा पाइप लगेच दगडासारखा कडक होत असेल, सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहत असेल किंवा ऑइल दुधाळ झालं असेल, तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे हेड आणि इंजिन यांच्यामधल्या सीलवर. इथे गळती बंद करणारी पावडर टाकू नका. तिने हीटरच्या बारीक नळ्या बुजतात. गॅस्केट बदलताना हेड सरळपट्टी लावून तपासायला सांगा, कारण वाकलेल्या हेडवर नवं गॅस्केट टिकत नाही.