पाट्या पडताना काय ऐकायचं

सिनेमाला उशीर झाला की आई वाटेतच चुकचुकायची, "पाट्या गेल्या असतील गं!" पाट्या म्हणजे पडद्यावर येणारी कलाकार-तंत्रज्ञांची नावं. आता भाचीला जुने सिनेमे दाखवताना मी पाट्यांपासूनच सुरुवात करते. तुम्हालाही करायची असेल तर हिचकॉकचा १९६० चा 'सायको' घ्या.

हेडफोन लावा, डोळे मिटा. संगीतकार बर्नार्ड हर्मनने इथे फक्त तंतुवाद्यं घेतली आहेत. पहिल्यांदा तुटक, घाईचा ठोका तेवढा धरा. दुसऱ्यांदा त्यावर व्हायोलिन्स लांब सूर लावतात, ते गुणगुणून बघा. जमेपर्यंत पुढे जाऊ नका, तुकडा जेमतेम दोन मिनिटांचा आहे. मग डोळे उघडून, या पाट्या रचणाऱ्या सॉल बासच्या धावत्या पट्ट्या बघा.

आता सिनेमा पाहा. चाळीस हजार डॉलर घेऊन नायिका मॅरियन गाडीतून पळते. पडद्यावर असतं काय? स्टीअरिंगमागचा चेहरा, समोरून येणारे दिवे, पाऊस, वायपर. आणि तीच पाट्यांची धून! भाचीने माझा दंड घट्ट धरला, "मावशी, हे मघाचंच!" धून आधी कानात मुरली होती, म्हणून तिला त्या साध्या चेहऱ्यामागची धडधड ऐकू आली.

१९७७ च्या 'स्टार वॉर्स'मध्ये कलाकारांची नावं शेवटी गेली, पण निदान जॉन विल्यम्सची धून सुरुवातीलाच दणक्यात वाजते. आता कितीतरी मोठ्या सिनेमांत सुरुवातीला नुसतं नाव झळकतं, कधी तेही नाही. संगीतकाराला आपली धून सलग मांडायला जागा उरते ती शेवटच्या पाट्यांत, लोक चपला शोधत असताना. मला हे फार लागतं. नांदी म्हणायची ती प्रेक्षक उठल्यावर?

म्हणून नवा सिनेमा लावण्याआधी मी त्याचा साउंडट्रॅक उघडते आणि शेवटच्या पाट्यांचं संगीत आधी ऐकते. बहुधा ते यादीच्या तळाशी असतं. मधल्या तुकड्यांची नावं मात्र वाचू नका, त्यांत कथा फुटते. दोनदा ऐका, धून तोंडात बसू द्या, मग सिनेमा सुरू करा. ती कुठे परत येते ते वहीत मिनिटासकट टिपा. कधी एकटी बासरी ती हळूच घेते, कधी चार सुरांवरच सोडून देतात.

सिनेमा संपत आला की रिमोट हातात ठेवा. ओटीटीवर पाट्या चालू ठेवायचं बटण काही सेकंदच दिसतं.