रत्नदुर्गावरून पक्ष्यांचं स्थलांतर पाहताना या चुका टाळा

रत्नागिरीचा रत्नदुर्ग तीन बाजूंनी समुद्रात शिरलेला आहे. पक्षी पाहायला अशी जागा मिळूनही ‘घारींशिवाय काहीच दिसलं नाही’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. बहुतेक वेळा चूक वेळेची असते.

लोक सूर्यास्ताच्या हिशेबाने संध्याकाळी येतात. आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे दुपारनंतर ऊन थेट डोळ्यांवर येतं, पाणी चकाकतं आणि कुरव (गल) काय, सुरय (टर्न) काय, सगळे समुद्रपक्षी काळेच दिसतात. उजाडताच या. ऊन पाठीशी असतं आणि पंखांचे रंग स्पष्ट दिसतात. ऊन तापलं की हवा थरथरू लागते, मग महागडी दुर्बीणही उपयोगाची नाही.

थंडीची वाट पाहणं ही दुसरी चूक. चिखल्ये, म्हणजे किनाऱ्यावर चरणारे छोटे पक्षी (प्लोव्हर), ऑगस्टमध्येच उतरू लागतात. आधी प्रौढ पक्षी येतात, काहींच्या छातीवर विणीच्या हंगामातला विटकरी रंग अजून शिल्लक असतो. आफ्रिकेकडे निघालेला काश्मिरी नीलपंख सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पश्चिम भारतातून जातो. डिसेंबरात त्याला शोधण्यात अर्थ नाही.

भरतीचा अंदाज न घेता येण्याने सर्वात जास्त नुकसान होतं. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दोन्ही पंधरवड्यांत हाच हिशेब. माझं मत विचाराल तर द्वादशी-त्रयोदशीची सकाळ निवडा. पहाटे ओहोटी संपते, मग चांगल्या उजेडात पाणी चढत जातं आणि रत्नागिरीजवळच्या भाट्ये किनाऱ्याच्या वाळूवर दूर पांगलेले चिखल्ये आणि तुतवार (सँडपायपर) हळूहळू किनाऱ्याकडे सरकतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फारसं चढत नाही आणि पक्षी लांबच राहतात.

सगळे जण क्षितिजाकडे डोळे लावून बसतात, जमिनीकडच्या आकाशाकडे कुणी बघतच नाही. नोव्हेंबरात अमूर ससाणे ईशान्येकडच्या वाऱ्याची साथ घेऊन भारत ओलांडतात आणि अरबी समुद्रावरून आफ्रिकेकडे जातात. २०१३ मध्ये नागालँडमध्ये काही ससाण्यांना उपग्रह-ट्रान्समीटर बसवले, तेव्हा हा प्रवास नकाशावर दिसला. केवढासा पक्षी, पारव्याहूनही लहान! तो तुमच्या पाठीकडून, खूप उंचावरून येईल. अधूनमधून मान मागे वळवा.

मोजणीत फसगत होते ती कुरवांमुळे. शेजारीच मिरकरवाडा बंदर आहे. ट्रॉलर आत-बाहेर करतात आणि कुरव त्यांच्या मागे दिवसभर घिरट्या घालतात. तेच ते पक्षी पुन्हा पुन्हा मोजले जातात आणि ‘शेकडो गेले’ अशी नोंद होते. समोरचा एखादा खडक खूण म्हणून धरा, त्यापलीकडून एकाच दिशेने सरळ गेलेलेच मोजा आणि परत आलेले वजा करा. समुद्री गरुड म्हणजे आपला काकण तर इथलाच, त्याला पाहुण्यांत धरू नका.

आता ज्याचं मला खरंच वाईट वाटतं ते. फोटोत उडणारा थवा हवा म्हणून लोक वाळूवर बसलेल्या पक्ष्यांत धावत जातात, कुत्री सोडतात, गाड्या घालतात. हे पक्षी हजारो किलोमीटर उडून आलेले असतात. भरतीच्या वेळी चरायची जागा पाण्याखाली जाते, तेवढाच त्यांचा विसावा. उठवलेला प्रत्येक पक्षी साठवलेली चरबी जाळतो. माना ताठ झाल्या, पक्षी चालत सरकू लागले, की तिथेच थांबा आणि दोन पावलं मागे या. कुरवांना गाठ्या-फरसाण टाकणंही बंद करा.

सप्टेंबरात कड्यावरचं गवत ओलं आणि निसरडं असतं. दुर्बिणीला डोळे लावून चालू नका. ज्या दिवशी काही गेलं नाही त्या दिवशीही वेळ, वारा आणि भरती वहीत लिहा. पुढच्या वर्षी कुठल्या वाऱ्यात यायचं हे त्या रिकाम्या दिवसांवरूनही कळतं.