परदेशी विद्यापीठाच्या प्रवेश-अर्जाची कागदपत्रे कशी तयार करावीत

कागदपत्रांची यादी हाती पडताच बरेच विद्यार्थी स्टेटमेंट ऑफ पर्पज (शिक्षणामागचा हेतू सांगणारे निवेदन) लिहायला बसतात. माझ्या मते सुरुवात इतरांकडून मिळवायच्या कागदांपासून करावी, कारण ट्रान्सक्रिप्ट (संस्थेने दिलेली विषयवार गुणांची अधिकृत नोंद), शिफारसपत्रे आणि भाषा-चाचणीचा निकाल किती लवकर मिळेल हे आपल्या हातात नसते.

त्याही आधी पासपोर्टवरील नावाचे स्पेलिंग पाहून घ्यावे. चाचणीची नोंदणी आणि अर्ज यांत नाव अगदी तसेच लिहावे. गुणपत्रिकेवर ते वेगळे असेल, तर नावातील बदल सिद्ध करणारा दस्तऐवज जोडावा.

काही विद्यापीठांना प्रारंभी ट्रान्सक्रिप्टची स्कॅन प्रत चालते, तर काहींना ते संस्थेकडून थेट किंवा मोहोरबंद पाकिटातच हवे असते. असे पाकीट वाटेत कोणीही उघडू नये. भाषांतर मागितले असल्यास ते मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडून करून घ्यावे आणि सोबत मूळ प्रतही द्यावी. हेग येथील १९६१ च्या करारानुसार मिळणारे अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून दिलेले अधिकृत प्रमाणपत्र, केवळ सही, शिक्का आणि सही करणाऱ्याचा अधिकार प्रमाणित करते, मजकुराची सत्यता नव्हे. म्हणून ते मूळ प्रतीवर हवे की भाषांतरावर, हे आधीच विचारावे. आयईएलटीएस व टोफेल या इंग्रजी भाषा-चाचण्यांचे गुण सामान्यतः २ वर्षे आणि जीआरई या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या चाचणीचे ५ वर्षे ग्राह्य असतात.

शिफारसपत्रासाठी मोठ्या पदापेक्षा तुमचे काम जवळून पाहिलेली व्यक्ती निवडावी. नुसती विनंती करून थांबू नये; आपला बायोडेटा, हेतूचा कच्चा मसुदा आणि अंतिम तारीख त्यांच्याकडे द्यावी, म्हणजे त्यांना नेमके लिहिता येते.

सर्वाधिक वेळ मात्र स्टेटमेंट ऑफ पर्पजला द्यावा. विद्यापीठाची स्तुती आणि बालपणापासूनची आवड यांत पहिला परिच्छेद खर्ची पडतो आणि निवड समितीला विद्यार्थ्याविषयी काहीच कळत नाही. त्याऐवजी स्वतः केलेले एखादे काम घ्यावे: प्रश्न कोणता होता, पद्धत कोणती वापरली, कोठे अडले आणि काय अनुत्तरित राहिले. त्या अनुत्तरित भागातूनच हाच विभाग का, हे सांगता येते. त्यासाठी तेथील अभ्यासक्रम व प्राध्यापकांचे संशोधन खरोखर वाचलेले असावे लागते. शब्दमर्यादा काटेकोरपणे पाळावी. ब्रिटनमधील पदवी-प्रवेशाचे अर्ज हाताळणाऱ्या यूकास या संस्थेच्या अर्जातील वैयक्तिक निवेदनाला स्पेससह ४,००० अक्षरांची मर्यादा असते, तर अमेरिकेतील अनेक विद्यापीठांना चालणाऱ्या कॉमन अ‍ॅप या सामाईक अर्जाच्या निबंधाला ६५० शब्दांची. यूकास इतर अर्जांशी साम्य तपासते, त्यामुळे उसने वाक्य घेऊ नये.

अर्ज पाठवण्यापूर्वी प्रत्येक पीडीएफ उघडून पाने सरळ व सुवाच्य आहेत ना, आणि मजकुरात दुसऱ्याच विद्यापीठाचे नाव राहिलेले नाही ना, हे पाहावे. अंतिम वेळ कोणत्या देशाच्या घड्याळानुसार दिली आहे तेही तपासून अर्ज निदान २ दिवस आधी सादर करावा.