चिमनीच्या पाईपची फट कशी बुजवावी

फोडणी घातली की चिमनी चालू असूनही बाहेरच्या खोलीत ठसका लागतो? मोटरला दोष देण्याआधी पाईपचा सांधा बघा. आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरात चिमनीच्या गळ्याशी पाईप बोटभर सरकला होता आणि वरच्या फळीवर चिकट पिवळा थर साचला होता.

फट शोधायला चिमनी चालू करून पेटती उदबत्ती सांध्याभोवती फिरवा, तेलकट भागापासून वीतभर लांबच. मोटर खाली असल्यामुळे पाईपमधली हवा फटीतून बाहेर फेकली जाते, म्हणून धूर जिथे झटक्याने उडतो तिथेच गळती.

मग स्विच बंद करून खरं काम, ते म्हणजे पुसणं. घाई करू नका, तेलावर कुठलीच टेप टिकत नाही. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण लावून घासा, कोरडं करा, शेवटी स्पिरिटचा बोळा फिरवा. पाईप गळ्यावर दीड-दोन इंच चढवून स्टीलचा क्लॅम्प आवळा आणि वरून ॲल्युमिनियम फॉइलची टेप दोन वेढे, नखाने दाबत दाबत. कापडी टेप नको, उष्णतेने तिचा गोंद सुकतो. दोन्ही वस्तू इथल्या सियागंज बाजारात सहज मिळतात.

भिंतीच्या भोकाभोवतीची फट असेल तर उष्णता सोसणारं सिलिकॉन भरा. फवाऱ्याचा फोम शेगडीजवळ अजिबात वापरू नका, तो पेट घेतो.