कामावर शिकलेल्या कौशल्याचे प्रमाणपत्र: गवंड्यांसाठी आरपीएलची वाट

बांधकामावर अनेक वर्षे काढलेल्या गवंड्याचा हात कसा आहे, हे जाणत्या मुकादमाला त्याचे दोन थर पाहूनच कळते. मात्र नवी कंपनी किंवा परदेशातील नोकरी समोर आली की कागद मागितला जातो. अशा कारागिराला पुन्हा पहिल्यापासून प्रशिक्षण घ्यायला न लावता, जे येते त्याचीच परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय भारतात आहे. तिला पूर्वशिक्षणाची मान्यता म्हणतात, पण सगळीकडे ‘आरपीएल’ हेच नाव चालते. 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचा ती एक भाग आहे. योजनेतून परीक्षा देणाऱ्या उमेदवाराकडून शुल्क घेतले जात नाही, त्यामुळे कोणी ‘प्रमाणपत्र मिळवून देतो’ म्हणून पैसे मागू लागल्यास तिथून उठून यावे हेच बरे.

सुरुवात कागदपत्रांपासून करावी. आधारवरील नाव आणि बँक खात्यावरील नाव अक्षरशः सारखे आहे का, तसेच आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे का, हे आधी पाहावे. त्यानंतर स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी. अनुभवाच्या पुराव्यासाठी ठेकेदाराचे पत्र, हजेरीची पाने, मजुरी जमा झाल्याचे बँकेचे उतारे आणि केलेल्या कामाची छायाचित्रे जमवावीत. महाराष्ट्रातील अनेक कामगारांकडे बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी काढलेला 90 दिवसांच्या कामाचा दाखला असतो, तोही जोडावा. मात्र मंडळाचे ओळखपत्र किंवा ई-श्रम कार्ड म्हणजे कौशल्याचे प्रमाणपत्र नव्हे, कारण ती दोन्ही माणसाची नोंद करतात, कामाची पारख करत नाहीत.

पुढचा निर्णय भूमिका, म्हणजे कोणत्या कामाची परीक्षा द्यायची ते, निवडण्याचा असतो, आणि तो घाईने घेतला जातो. साहाय्यक गवंडी, गवंडी, फरशी बसवणारा या भूमिका वेगवेगळ्या असून प्रत्येकीचे मानक, म्हणजे त्या कामात काय काय यायला हवे याची यादी, नॅशनल क्वालिफिकेशन्स रजिस्टर या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत पाहायला मिळते. आरपीएलच्या शिबिरात जी भूमिका उपलब्ध असेल तीच उमेदवाराच्या माथी मारण्याची प्रवृत्ती दिसते. गिलावा, वीटकाम आणि आखणी स्वतः करणाऱ्याने साहाय्यकाच्या प्रमाणपत्रावर समाधान मानू नये. ज्याला इंग्रजी अडते त्याने शिकलेल्या मुलाकडून किंवा साइटवरील अभियंत्याकडून हे मानक मराठीत वाचून घ्यावे.

या वाचनावर वेळ घालवणे योग्य आहे, कारण परीक्षक वर्षे मोजत नाही, मानकात लिहिलेली कृती घडते का ते पाहतो. नऊ इंची भिंत उभारताना विटा आधी भिजवल्या का, प्रत्येक थराला दोरी लावली का, सांधमोड (वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर न येणे) साधली का, ओळंबा आणि लेव्हल पुन्हा पुन्हा तपासली का, कोपरा गुण्यात आहे का, हे सारे तो पाहतो. जाणता गवंडी यातील बऱ्याच गोष्टी नजरेने आणि सवयीने करतो, त्यामुळे मोजमाप न घेताही त्याचे काम सरळ येते. परीक्षेत मात्र मोजून दाखवावे लागते. तोंडी प्रश्नांतही हीच अडचण येते. ‘माल अंदाजाने कालवतो’ हे उत्तर खरे असले तरी गुण देत नाही. नऊ इंची वीटकामाला सिमेंट-वाळूचे साधारणपणे एकास सहा आणि साडेचार इंची भिंतीला एकास चार हे प्रमाण, आणि त्यामागचे कारण, सांगता आले पाहिजे. हेल्मेट आणि सुरक्षा पट्टा यांवर प्रश्न हमखास येतात, आणि मुरलेल्या कारागिरांचे गुण इथेच जास्त जातात असे मला वाटते.

परीक्षेआधी एक छोटे उद्बोधन असते. ते हजेरीपुरते उरकले जात असेल, तर नमुना प्रश्न सोडवून घेण्याचा आग्रह धरावा. मूल्यमापन करणारी संस्था प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेपेक्षा वेगळी असते, म्हणून ‘आमचाच माणूस आहे’ या आश्वासनावर विसंबू नये.

उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र डिजिटल स्वरूपात मिळते. 2023 च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार 30 तासांच्या शिक्षणास एक क्रेडिट (शिक्षण मोजण्याचे एकक) धरले जाते, आणि अनुभवालाही वजन आहे. मात्र मूल्यमापन झाल्याशिवाय क्रेडिट नाही. हे प्रमाणपत्र आयटीआयच्या प्रमाणपत्राची जागा घेत नाही, त्यामुळे जाहिरातीत आयटीआयची अट असेल तर अर्जाआधी संबंधित कार्यालयात लेखी विचारणा करावी. परदेशी जाणाऱ्याने तर त्या देशातील मालक हे प्रमाणपत्र मानतो का, की स्वतःची चाचणी घेतो, हे भरती करणाऱ्या नोंदणीकृत एजंटाकडून करारावर सही करण्यापूर्वीच लिहून घ्यावे.